ॲट्राझीन खाणारा जिवाणू शोधताय?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय मिळत नव्हता, तेव्हा काकांच्या शेतात ॲट्राझीन मारणं चालू होतं. दर लागणीला तेच तणनाशक. म्हटलं, एवढी वर्षं मातीत पडतंय, तर ते खाणारं कुणीतरी तिथे असणारच. त्याच उसातली वाटीभर माती घेऊन लॅब गाठली.

या विषयात पहिलं नाव कानावर येतं ते स्यूडोमोनास एडीपी या जिवाणूचं. मिनेसोटात ॲट्राझीन सांडलेल्या जागेतून तो मिळाला. शोधनिबंध 1995 चा. त्याच्या प्लाझ्मिडवरच्या (मुख्य डीएनएहून वेगळा, डीएनएचा छोटा गोल तुकडा) एटीझेड-ए जनुकाचं एन्झाइम रेणूतला क्लोरीन काढतं, आणि तिथेच तणनाशकाचा दात पडतो. त्याच मालिकेतली बी आणि सी बाजूच्या दोन साखळ्या तोडतात, डी-ई-एफ उरलेलं कडं फोडतात. शेवटी निघतो अमोनिया. जिवाणूचा सगळा खटाटोप त्या नायट्रोजनसाठी. म्हणून मीडियममध्ये (जिवाणू वाढवायचं खाद्य) दुसरा नायट्रोजन घालू नका; कार्बनला सायट्रेट द्या.

ॲट्राझीन लिटरभर पाण्यात जेमतेम 33 मिलिग्रॅम विरघळतं. 500 पीपीएम घातलं की प्लेट पातळ ताकासारखी पांढुरकी दिसते आणि खाणाऱ्या कॉलनीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. वर्तुळच बघा. नुसती वाढ फसवते, कारण प्लेट गोठवणाऱ्या आगरमध्येही थोडा नायट्रोजन असतो, त्यावर कुणीही उगवतं. मी हौसेनं अकरा कॉलन्यांना नंबर दिले होते. वर्तुळ होतं दोघींना.

त्या दोघी मीच घालवल्या. लवकर वाढतात म्हणून न्यूट्रिएंट आगर या पौष्टिक मीडियमवर चार-पाच सबकल्चर केली, म्हणजे नव्या प्लेटवर पुन्हापुन्हा वाढवल्या. परत ॲट्राझीनवर टाकल्या, तर वर्तुळ गायब! प्लाझ्मिडवरची ही जनुकं. आयतं जेवण मिळालं की हे ओझं गळून पडतं. सरांनी एवढंच विचारलं, "ग्लिसरॉल स्टॉक?" म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेला नमुना. नव्हता. तेव्हा वर्तुळ दिसलं त्याच दिवशी स्टॉक करा, आणि सबकल्चर कायम ॲट्राझीनवरच.

पीसीआरला (जनुक आहे का ते तपासायची चाचणी) एटीझेड-एची पट्टी आली तरी सिक्वेन्सिंग करून जनुकाची अक्षरं वाचाच. मेलामाइनवर काम करणारं ट्राय-ए त्याचं जुळं भावंड आहे: दोघांच्या एन्झाइममधल्या 475 अमिनो आम्लांत फरक फक्त 9 चा, धंदा मात्र वेगळा. आणि पट्टी नाहीच आली, तर कॉलनी फेकण्याआधी टीआरझेड-एनचे प्रायमर (ते जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून बघा. क्लोरीन काढणारं हे दुसरं जनुक आर्थ्रोबॅक्टर या जिवाणूंमध्ये सापडतं. दुसऱ्या खेपेला माझ्याकडे तेच निघालं. त्या कॉलनीचे मी सहा स्टॉक केले, दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये.