इंटिग्रेटेड ऑप्टिक्समध्ये प्रोजेक्ट निवडताय? आधी शेवटचा ग्राफ काढा

जुलै उजाडला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, "दादा, फोटॉनिक्समध्ये प्रोजेक्ट करायचाय, एखादा टॉपिक सांग ना". फोटॉनिक्स म्हणजे प्रकाशाचं तंत्र, आणि इंटिग्रेटेड ऑप्टिक्स म्हणजे तेच चिपवर. टॉपिक काय, ढीगभर सांगता येतात. पण नुसत्या टॉपिकवरून निवडलेला प्रोजेक्ट बऱ्याचदा फसतो आणि हे मी स्वतः फसून सांगतोय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

माझा फायनल इयरचा टॉपिक होता चिपवरचं ऑप्टिकल न्यूरल नेटवर्क. नाव ऐकूनच पॅनेल खूश, मी पण हवेत. आठ महिन्यांनी हातात काय होतं, तर एका कपलरचं (प्रकाश एका वाटेतून दुसरीत नेणाऱ्या भागाचं) सिम्युलेशन, तेही मेश, म्हणजे हिशोबासाठी पाडलेली चौकटींची जाळी, बदलली की उत्तर बदलायचं. व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी एवढंच विचारलं, "यातलं तू मोजलंस काय?" मी पंख्याकडे बघत बसलो.

तेव्हा पहिलं काम, कोरा कागद घ्या आणि रिपोर्टमधला शेवटचा ग्राफ आत्ताच काढा. उदाहरणार्थ सिलिकॉनचा रिंग रेझोनेटर (चिपवरची गोल वाट, जिच्यात ठरावीक वेव्हलेंग्थचाच प्रकाश अडकतो) घेतलात तर आडव्या अक्षावर वेव्हलेंग्थ, १५०० ते १६०० नॅनोमीटर, उभ्या अक्षावर ट्रान्समिशन डीबीमध्ये, आणि मध्ये मध्ये खाली घुसलेले खड्डे. दोन खड्ड्यांमधलं अंतर किती ते पण लिहा, अवघड नाहीये, वेव्हलेंग्थचा वर्ग भागिले (ग्रुप इंडेक्स गुणिले रिंगचा परीघ); ग्रुप इंडेक्स म्हणजे प्रकाशाचा पल्स त्या वाटेत किती पट हळू जातो तो आकडा. त्रिज्या १० मायक्रॉन म्हणजे परीघ साधारण ६३ मायक्रॉन, ग्रुप इंडेक्स ४.२ धरा, १५५० नॅनोमीटरला उत्तर येतं ९ नॅनोमीटरच्या आसपास. हा ग्राफ काढता येत नसेल तर तुमच्याकडे अजून फक्त टायटल आहे, प्रोजेक्ट नाही.

आता तोच कागद घेऊन लॅबमध्ये जा आणि हा ग्राफ कुठल्या मशीनवर येणार ते विचारा. ट्युनेबल लेझर आहे का? नसेल तर ब्रॉडबँड सोर्स आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवरही भागतं. आणि "आहे" या उत्तरावर थांबू नका, शेवटचा कधी चालू केला होता ते विचारा, कारण कपाटातला लेझर आणि टेबलावरचा लेझर यात एक सेमिस्टर जातं.

स्वतःची चिप डिझाइन करून बनवून घ्यायची हौस सगळ्यांना असते, मलाही होती. पण फाउंड्रीत (चिपा बनवून देणाऱ्या कारखान्यात) दिलेली चिप हातात यायला सहा महिने सहज जातात, कधी जास्तही, आणि तुमच्याकडे मुळात दोन सेमिस्टर, त्यात सबमिशन, प्लेसमेंट, दिवाळी. तरी करायचंच असेल तर युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या लुकास क्रोस्टोव्स्की सरांचा ऑनलाइन कोर्स बघा, त्यात विद्यार्थ्यांची डिझाइन्स ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने कोरून) बनवून मोजलेला डेटा परत मिळण्याची सोय केलेली होती. आयआयटी बॉम्बे आणि बेंगळुरूच्या आयआयएससीत नॅनोफॅब (अशा चिपा बनवायच्या लॅब) आहेत, बाहेरच्यांना वापरता यावेत म्हणून आयएनयूपी नावाचा कार्यक्रमही आहे, पण अर्ज गाईडमार्फत आणि लवकर.

माझ्या मते यापेक्षा शहाणपणाचा रस्ता म्हणजे दुसऱ्याची चिप मागणं. जिथे हे काम चालतं तिथल्या कुठल्याही पीएचडीवाल्याकडे पेपर छापून झाल्यावर डब्यात पडलेल्या चिपा असतातच. तीच रिंग घ्या, खाली हीटर लावा, तापमान २० वरून ५० अंशांवर न्या आणि खड्डा किती सरकतो ते मोजा. सिलिकॉनच्या रिंगमध्ये अंशाला ०.०७-०.०८ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे एकूण दोन नॅनोमीटरच्या वर, आणि खड्ड्यांमधलं अंतर ९ असल्यामुळे कुठला खड्डा कुठला याचा गोंधळही होत नाही. ऐकायला फुसकं वाटतं ना? करून बघा. फायबर ग्रेटिंग कपलरवर (फायबरमधला प्रकाश चिपमध्ये घेणाऱ्या बारीक खाचांवर) आणायचा म्हणजे तो उभ्यापासून ८-१० अंश कललेला हवा, मायक्रोस्कोपमधून बघत बघत स्क्रू फिरवायचा, पॉवर मीटर उणे ६० डीबीएमवर मेल्यासारखा पडलेला असतो, तासभर काही होत नाही आणि मग अचानक उणे ४०, उणे २५, आणि तेवढ्यात कोणीतरी टेबलाला धक्का मारतं. हे हाताला बसायला दोन आठवडे लागतात, ते वेळापत्रकात धरा.

कॉलेजात सिलिकॉनचं काहीच नाही? मग काचेकडे वळा. मायक्रोस्कोपची साधी सोडा-लाइम स्लाइड वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये ३८०-४०० अंशांवर काही तास ठेवली की काचेतला सोडियम बाहेर येतो, पोटॅशियम आत जातो, पृष्ठभागाचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स किंचित वाढतो आणि वेव्हगाईड, म्हणजे प्रकाशाची वाट, तयार. वर जास्त इंडेक्सचा प्रिझम दाबून लाल हीलियम-निऑन लेझर टाका, कोन जमला की अंधारात काचेत लाल रेघ दिसते. पहिल्यांदा दिसते तेव्हा जाम भारी वाटतं. मिठात ठेवायचा वेळ बदला, किती मोड (त्या वाटेतून प्रकाश जाण्याचे वेगवेगळे प्रकार) मिळतात ते मोजा, हा झाला तुमचा ग्राफ. माझ्या मित्राने थंड स्लाइड थेट बुडवली होती, टक् असा आवाज आणि दोन तुकडे, त्यामुळे काच आधी हळूहळू तापवायची. आणि हे घरी नाही, लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली, सरांसमोर. वितळलेल्या नायट्रेटजवळ कागद, कापूस, तेल असलं काही नको, पाण्याचा थेंबही नको, अंगावर उडतं.

फक्त सिम्युलेशनच करणार असाल तर तेही चालेल, कमीपणा काही नाही, सिम्युलेशनचं मीप, चिपचा आराखडा काढायची केलेआउट आणि जीडीएसफॅक्टरी, ही सगळी सॉफ्टवेअर्स फुकट आहेत. फक्त थ्रीडी एफडीटीडीत (प्रकाशाची लाट वेळेनुसार पायरीपायरीने मोजायची पद्धत) मेशची चौकट निम्मी केली की मेमरी ८ पट आणि वेळ १६ पट, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजतो. म्हणून आधी मोड सॉल्व्हर, मग टूडी, आणि अगदी शेवटी एकच थ्रीडी रन. छापून आलेल्या एखाद्या मोजमापाशी तुमचा ग्राफ जुळवून दाखवा, म्हणजे एक्स्टर्नलच्या प्रश्नाला उत्तर तरी असेल.

गाईड निवडताना लोक नाव बघतात. मी म्हणेन, शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार ते बघा. सर आठवड्यातून अर्धा तास भेटणार, फायबर कसा कापायचा हे शिकवणार ती पीएचडीची ताई किंवा दादा. त्यांना चहाला न्या आणि मागच्या बॅचच्या पोरांचं काय झालं ते विचारा, पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

मेल पाठवताना "आय अ‍ॅम पॅशनेट" वगैरे नको. दोन ओळींत लिहा की मला हे मोजायचंय, यासाठी हे यंत्र लागेल, ते तुमच्याकडे आहे का. खाली त्या कागदावरच्या ग्राफचा फोटो जोडा, मोबाईलवर काढलेला चालतो, फक्त अक्षांवर युनिट लिहायला विसरू नका.