वाळू, पाणी आणि खारे वारे : भूगोलाच्या तासाला करून पाहायचा प्रयोग

रत्नागिरी आणि सोलापूर यांच्या अक्षांशांत एका अंशाचाही फरक नाही. सोलापूर तर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंचावर आहे. ‘उंचावर गारवा असतो’ हे मुलांनी पाठ केलेलं असतं. तरीही मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीला टेकतो आणि रत्नागिरीचा 32-33 अंशांच्या आसपास राहतो. असं का? तासाची सुरुवात या कोड्यानेच करा आणि उत्तर मुळीच सांगू नका. प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहू द्या. अंदाज लिहून झाला की मूल थर्मामीटरकडे वेगळ्याच नजरेने बघतं.

साहित्य साधं आहे : सारख्या आकाराचे दोन वाडगे, वाळू, पाणी, प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही.

वाळू आदल्या दिवशी उन्हात पसरून पूर्ण सुकवा. हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा ओलसर वाळूमुळे, कारण तिच्यातलं पाणी वाफ होताना वाळूला थंड करत राहतं. मग सुकलेली वाळू आणि पाणी रात्रभर एकाच खोलीत ठेवा, म्हणजे सकाळी दोन्हींचं तापमान जवळजवळ सारखं मिळेल. वाडगे सारख्याच पातळीपर्यंत भरा. थर्मामीटरचा फुगा दोन्हींत साधारण एक सेंटीमीटर खोल राहू द्या. वाळूत तो पूर्ण झाकलेला हवा, नाहीतर तुम्ही वाळूचं नाही, थेट उन्हाचं तापमान मोजाल.

अकरा-साडेअकराच्या उन्हात वाडगे ठेवा. दर पाच मिनिटांनी नोंद घ्या, अर्धा तास. मग तेच वाडगे सावलीत आणा आणि आणखी अर्धा तास नोंदी सुरू ठेवा. वेळ कमी पडला म्हणून सावलीतल्या नोंदी गाळू नका. वाळू जशी भराभर तापली तशीच ती भराभर निवते, पाणी मात्र दोन्ही वेळी सावकाश चालतं, हे तिथेच दिसतं. शेवटी आलेख कागदावर दोन रंगांच्या रेषा काढून घ्या.

आता कारण सांगायला हरकत नाही. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच वाळूच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. खऱ्या समुद्रात आणखी भर पडते : ऊन पाण्यात खोलवर शिरतं, आणि लाटा वरचं-खालचं पाणी ढवळत राहतात. त्यामुळे रत्नागिरीला शेजारी समुद्र आहे म्हणून उन्हाळा सौम्य. सोलापूरला तो आधार नाही.

वारा दाखवायला पुठ्ठ्याचं खोकं घ्या, पुढची बाजू पारदर्शक प्लास्टिकने बंद करा. आत एका बाजूला तव्यावर तापवलेल्या वाळूची वाटी, दुसऱ्या बाजूला बर्फाची. मध्ये उदबत्तीचा छोटा तुकडा लावा; हे काम शिक्षकांनीच करायचं, आणि शेजारी पाण्याची बादली हवीच. पंखा बंद करा. थोड्या वेळाने धूर बर्फाकडून वाळूकडे झुकतो आणि तिथे वर चढतो. दुपारी किनाऱ्यावर येणारा खारा वारा तो हाच. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा, समुद्राकडे वाहतो : मतलई वारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत. किनाऱ्यावरच्या शाळेत हे सांगायला एखाद्या आजोबांनाच बोलवा.

इथे एक मोह टाळा. ‘मोसमी वारे म्हणजे मोठे खारे वारे’ असं म्हणून तास संपवू नका. 1686 मध्ये एडमंड हॅली यांनी जमीन-समुद्राच्या तापमानातल्या फरकावरून मोसमी वाऱ्यांचं स्पष्टीकरण दिलं. ते उपयोगी आहे, पण अपुरं आहे. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, आणि पाऊस मात्र जोर धरतो जुलैमध्ये, जमीन निवल्यावर. आपल्या गावाचे मे आणि जुलैचे तापमान-पावसाचे आकडे मुलांना शोधून आणायला सांगा आणि पुढचा तास त्या आलेखावर ठेवा.