जुन्या युद्धनौकेची क्रेस्ट घेताय? आधी उलटी करून बघा

युद्धनौकांच्या क्रेस्ट, म्हणजे जहाजाचं नाव आणि चिन्ह असलेल्या पाट्या, जमवायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, हातात आली की आधी उलटी करा. पुढून सगळ्याच छान दिसतात. जहाजावर खरोखर लागलेली क्रेस्ट मागून रवाळ असते, वाळूच्या साच्यात ओतलेलं पितळ, कानशीचे ओरखडे, बोल्टची झिजलेली भोकं, आणि कडेला नख लावलं तर रंगाचे थर दिसतात, लाल, खाली करडा, खाली परत लाल, कारण जहाजावर रंगकाम कायम चालूच असतं. लाकडी ढालीवर बसवलेली हलकी गुळगुळीत असेल तर ती बहुतेक मेमेंटो, पाहुण्यांना किंवा निवृत्त होणाऱ्यांना दिलेली. तीही घ्या, पण पैसे मेमेंटोचेच द्या.

मग नाव आणि वरचं चिन्ह बघा. ब्रिटिश क्रेस्टवर मुकुट असतो, आपल्या नौदलाच्या क्रेस्टवर अशोकस्तंभाचे सिंह. २६ जानेवारी १९५० पर्यंत आपल्या जहाजांच्या नावाआधी एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागायचं, त्यानंतर आयएनएस. त्यामुळे 'एचएमआयएस दिल्ली' लिहिलेली वस्तू फक्त १९४८ ते जानेवारी १९५० मधलीच असू शकते. हे जहाज त्याआधी अकिलीस होतं बरं का, १९३९ साली दक्षिण अमेरिकेजवळ ग्राफ स्पी या जर्मन युद्धनौकेशी लढलेलं! अशी वस्तू मिळाली तर मला दोन दिवस झोप येणार नाही.

आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' म्हटलं की मात्र सावध. जुनी विक्रांत १९६१ ते १९९७ सेवेत होती, २०१४ मध्ये मुंबईतच दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, तोडली, आणि नवीन २०२२ ला आली, दोघींचा नंबर आर ११ च. म्हणजे नुसत्या नावानंबरावरून काही ठरत नाही. 'हा विक्रांतचा तुकडा' म्हणून कुणी लोखंड दाखवलं तर कागद मागा, कागद नसेल तर ते भंगार समजायचं.

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर पितळी होकायंत्रं ढिगाने दिसतील. 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' असं कोरलेलं मी पण एकदा घेतलं, चांगले पैसे मोजले, घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की केल्विन आणि ह्यूजेस या कंपन्या एकत्र आल्याच १९४७ च्या सुमाराला! फार वाईट वाटलं. आता आधी स्क्रू बघतो, १९१७ ची वस्तू आणि त्यात प्लसचे स्क्रू, हे जमत नाही. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी खूण असते तीही शोधा, पण ती खोटी पण मारतात, त्यामुळे एकाच खुणेवर विश्वास नको.

युद्धकाळातल्या घड्याळांच्या आणि होकायंत्रांच्या अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो. आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, म्हणून काच उघडायची नाही, डायल खरवडायची नाही, मुलांच्या हातात तर अजिबात नको. तोफगोळा किंवा काडतूस जिवंत आहे का अशी शंका जरी आली तरी हात न लावता पोलिसांना फोन. बुडालेल्या युद्धनौकेवरून काढलेली वस्तू मी घेतच नाही, तिथे माणसं गेलेली असतात. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी न्यायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, तिकीट काढण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

घरी आणल्यावर लगेच चिंच, पितांबरी घेऊन घासायला बसू नका, प्लीज. तो काळपट थर आणि उरलासुरला रंग हाच तर तिचा इतिहास, एकदा गेला की गेला. मऊ ब्रश, थोडा सौम्य साबण, लगेच कोरडं करायचं आणि वर मेणाचा पातळ हात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पितळ फार लवकर कळकतं, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बघायचं.

ज्यांच्याकडून घेतली त्यांना जहाज, साल, कुठल्या बंदरात, सगळं विचारून घ्या. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त काकांनी क्रेस्ट देताना तासभर इंजिन रूममधल्या उकाड्याबद्दल सांगितलं, ते मी त्याच रात्री वहीत उतरवलं, तारीख टाकली आणि त्यांची सही घेतली. तो कागद पाकिटात घालून वस्तूजवळ ठेवायचा, मागे सेलोटेपने चिकटवायचा नाही, डिंकाचे डाग निघत नाहीत.