मृत नेत्याची सरकारी प्रतिमा कशी तपासावी: लेनिनचं उदाहरण

फोटोपासून नको, तारखांपासून सुरुवात करा. रशियन क्रांतीचा नेता लेनिन २१ जानेवारी १९२४ रोजी वारला. पाच दिवसांत पेत्रोग्राद शहराचं लेनिनग्राद झालं. २७ तारखेला देह पुरण्याऐवजी मॉस्कोच्या लाल चौकात घाईघाईने उभारलेल्या लाकडी समाधीत ठेवला. १९३० मध्ये तिथे ग्रॅनाइटची वास्तू उभी राहिली. असे निर्णय एका रकान्यात मांडा. शेजारच्या रकान्यात घरच्यांचं म्हणणं लिहा. पत्नी क्रुपस्कायाने ३० जानेवारीच्या ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात विनवलं होतं: त्यांची स्मारकं, त्यांच्या नावाचे महाल नकोत, पाळणाघरं, बालवाड्या, शाळा बांधा. या दोन रकान्यांत जेवढं अंतर, तेवढी सरकारला त्या प्रतिमेची गरज.

मग दडवलेले कागद शोधा. ४ जानेवारी १९२३ च्या टिपणात लेनिनने लिहवून घेतलं होतं की स्टालिन (पुढे सत्तेवर आलेला) फार उर्मट आहे, त्याला पक्षाच्या सरचिटणीसपदावरून हटवायचा विचार करा. मे १९२४ मध्ये ते पक्षाच्या प्रतिनिधींना वाचून दाखवलं, छापलं मात्र नाही. सर्वसामान्य सोव्हिएत वाचकाला ते पूर्ण छापील मिळालं १९५६ मध्ये, स्टालिन गेल्यावर तीन वर्षांनी. मधल्या काळात ‘स्टालिन म्हणजे आजचा लेनिन’ ही घोषणा गाजत राहिली. म्हणून मॉस्कोच्या ‘प्रगती’ या सोव्हिएत सरकारी प्रकाशनाची मराठी पुस्तकं जुन्या बाजारात मिळाली, तरी आधी आवृत्तीचं वर्ष पाहा.

फोटोची खरी कसोटी म्हणजे ५ मे १९२० चा मॉस्कोतला फोटो. लेनिन लाकडी मंचावरून पोलिश आघाडीवर निघालेल्या सैनिकांशी बोलतोय. मूळ प्रतीत मंचाच्या पायऱ्यांवर त्रोत्स्की आणि कामेनेव्ह, हे पुढे स्टालिनचे विरोधक ठरलेले नेते, उभे आहेत. नंतरच्या प्रतींत तिथे नुसत्या पायऱ्या. दोन्ही प्रती एकाच मापात शेजारी ठेवा. चेहरे सोडा, फळ्या बघा: रेषा जुळतात का, लाकडाचा पोत अचानक सपाट होतो का, सावलीला माणूस आहे का.

इथे एक चूक हमखास होते. माणूस दिसला नाही की खाडाखोड झाली, असं लोक ठरवून टाकतात. पण एकाच सभेचे अनेक फोटो निघतात. कोन बदलला किंवा कडा कापल्या तरी माणूस चौकटीबाहेर जातो. आधी वक्त्याच्या हाताची स्थिती आणि मागची गर्दी तंतोतंत जुळवा. ती जुळली आणि तरीही माणूस नसला, तरच खाडाखोड म्हणा.

शेवटी दर दशकात लेनिनच्या शेजारी कुणाला उभं केलंय ते नोंदवा. लेनिनच्या शेजारी ठेवलेला स्टालिनचा देह लाल चौकातल्या त्या समाधीतून ३१ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री हलवला. त्याआधीची आणि नंतरची छापील चित्रं वेगळ्या गठ्ठ्यांत ठेवा.