विद्यार्थ्यांनो, पहिलं रिवॉर्ड क्रेडिट कार्ड घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अकाउंट्सचे क्लास घेतो. तास संपला की एखादा पोरगा मागं रेंगाळतो, सगळे गेल्याची खात्री करतो आणि मोबाइल माझ्यापुढं सरकवतो. मागच्या वेळी असंच एकाचं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पुढं आलं. "सर, मिनिमम भरलंय की मी. तरी बाकी वाढली कशी?"

फळा पुसलेलाच होता, त्यावर मांडलं. ५ जूनला १८,००० चा मोबाइल. १५ जूनला बिल तयार, ५ जुलै शेवटची तारीख, मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढे तरी भरायचेच अशी रक्कम, ९००. त्यानं ४ जुलैला ९०० भरले आणि निवांत झाला. १५ जुलैच्या बिलात व्याज लागलं ते थेट ५ जूनपासूनचं, महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के दरानं: ८१७ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १४७. एकूण ९६४. भरले ९००, चढले ९६४. आणि एवढ्या खरेदीवर बक्षिसाचे पॉइंट किती मिळाले? १८० रुपयांचे.

पोरं कार्ड निवडताना त्या १८० कडे बघतात. "५० दिवस बिनव्याजी" ही सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच असते. एकदा बाकी ठेवली, की पुढच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा कायदा मधे पडेल या भरवशावर राहू नका. कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी ऑटो-डेबिट लावा, आणि लावताना ‘टोटल ड्यू’ निवडा. तिथं ‘मिनिमम’ हाही पर्याय असतो आणि घाईत बोट नेमकं त्यावर पडतं.

आता निवडीकडे. मी पोरांना आधी मागच्या तीन महिन्यांचा यूपीआयचा हिशोब काढायला लावतो. कोल्हापुरात खोली घेऊन राहणाऱ्याचा खर्च साधारण ठरलेला: मेस, पेट्रोल, रिचार्ज, झेरॉक्स, रंकाळ्यावरची भेळ, रविवारची मिसळ. यातल्या मेसवाल्या काकूंना रोख हवी असते, नाहीतर त्यांच्या पोराच्या नंबरवर पैसे. तिथं कार्ड चालत नाही. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, फार तर १ टक्का सरचार्ज माफ करतात. वॉलेट भरणं, भाडं, विमा हेही बऱ्याचदा वगळलेलं असतं. फीचं तर विचारूच नका: कॉलेजची फी एखाद्या अॅपमधून कार्डानं भरली, तर काही बँका पॉइंट द्यायचं सोडून वर १ टक्का शुल्क लावतात. मग "ऑनलाइन खरेदीवर दहापट पॉइंट" हे वाचून घेतलेलं कार्ड तुमच्या खऱ्या खर्चातल्या कितीशा भागाला लागू पडलं?

समजा, महिन्याला ६,००० रुपये कार्डावर जातात आणि परतावा १ टक्का. महिन्याला ६० रुपये, वर्षाला ७२०. वार्षिक फी ४९९, जीएसटी धरून ५८९. उरले १३१. पॉइंट वापरायचं शुल्क ९९ अधिक जीएसटी असेल तर आणखी ११७ गेले. वर्षभर जपून जमवले आणि हातात आले १४ रुपये, एक कटिंग चहा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. म्हणून विद्यार्थ्यानं ‘लाइफटाइम फ्री’, म्हणजे कधीच वार्षिक फी नसलेलं कार्डच घ्यावं, हे माझं ठाम मत. ‘पहिल्या वर्षी फ्री’ आणि ‘लाइफटाइम फ्री’ यांत फरक आहे, आणि कार्ड विकणाऱ्या स्टॉलवरचा माणूस तो स्वतःहून सांगत नाही. एका पॉइंटची किंमतही विचारा. बऱ्याच कार्डांवर ती २०-२५ पैसेच असते, त्यामुळे "२,००० पॉइंट बोनस" म्हणजे चार-पाचशे रुपये. विमानतळावरच्या लाउंजचं आमिष सोडून द्या. गावाकडं वडापनं जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आमच्याकडच्या पोरांना खरोखर उपयोगी पडतं ते रुपे क्रेडिट कार्ड. २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येतं. व्हिसा आणि मास्टरकार्डला ही सोय नाही. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात क्यूआर स्कॅन केला की पैसे कार्डातून जातात. तिथं ‘क्रेडिट कार्ड चालणार नाही’ असं आलं, तर कार्ड बिघडलंय असं समजून बँकेला फोन करत बसू नका. तो क्यूआर बहुधा दुकानाच्या नव्हे, मालकाच्या वैयक्तिक खात्याचा असतो. यूपीआय खर्चावर पॉइंट कमी मिळतात का, तेवढं मात्र अटींत बघून घ्या.

अर्ज नाकारला गेला की दुसरी चूक होते. त्याच रात्री आणखी चार बँकांत अर्ज. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदली जाते, आणि ज्याचा आधीचा काही इतिहासच नाही त्याच्या नावावर नुसत्या चौकश्याच दिसतात. उत्पन्न नसताना "पार्ट टाइम नोकरी लिहा, मी बघतो" म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठा. खोट्या माहितीखाली सही तुमची असते.

विद्यार्थ्याला सरळ वाट एकच, एफडीवरचं कार्ड, म्हणजे बँकेतली ठेव तारण ठेवून मिळणारं. पण एफडी कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी. उसाचं बिल आलं की घरचे गावच्या पतसंस्थेत ठेव ठेवतात, तिचा इथं उपयोग नाही. एफडीवर व्याज चालू राहतं, पण कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. थकबाकी राहिली तर बँक एफडीतून वसूल करेल, पण तोवर सिबिलवर डाग पडलेला असेल. वडिलांच्या कार्डावर अॅड-ऑन, म्हणजे त्यांच्याच खात्यावरचं जोडकार्ड, घेणार असाल तर बिलाची जबाबदारी त्यांचीच राहते. तुम्ही उडवलेले पैसे थकले, तर उद्या त्यांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ते आडवं येईल.

एफडी २०,००० ची, लिमिट १८,००० चं, आणि पहिल्याच महिन्यात १७,५०० चा मोबाइल. हेही नेहमीचंच. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च राहिलेला सिबिलच्या स्कोअरला बरा. मोठी खरेदी टळत नसेल, तर बिल तयार व्हायच्या आधीच थोडे पैसे कार्डात भरून टाका. एटीएममधून कार्डानं रोख काढू नका. त्यावर शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

पॉइंट जमा झाले नाहीत, तर बिल तयार होईपर्यंत थांबा. तरीही दिसले नाहीत तर दुकानाचं मशिन कुठल्या प्रकारात नोंदलंय ते कस्टमर केअरला विचारा. किराणा म्हणून केलेली खरेदी कधी कधी भलत्याच प्रकारात मोजली जाते. "पॉइंट आज रात्री संपणार, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो भामटाच. ओटीपी देऊन बसला असाल तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि लगेच १९३० वर कळवा.

कार्ड नकोसं झालं तर बंद करा, बँक अडवू शकत नाही. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात. आधी पॉइंट वापरून टाका, आणि ‘बाकी नाही’ असं लेखी घ्या. मी माझ्या पहिल्या कार्डाच्या वेळी हे लेखी घेतलं नव्हतं. दोन वर्षांनी चप्पल लाइनीत वडिलांसाठी पायताण बघत होतो, भाव निम्म्यावर आणला होता, आणि वसुलीवाल्याचा फोन आला: "सर, आपले ४१२ रुपये बाकी आहेत."