पोंटा नेग्राच्या काळ्या पाण्यात उतरण्याआधी

माझा मुलगा ब्राझीलमध्ये मनौसला मोटारसायकलच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडे राहून मी रावेरला परतलो. आता आपल्याकडची आणखी पोरं तिकडे निघालीत. त्यांच्या आईबापांसाठी हे लिहितोय, कारण शहराच्या कडेचा पोंटा नेग्रा हा नदीकिनारा पाहायला ते जाणारच.

आधी पिवळ्या तापाची लस. निघण्याच्या निदान 10 दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

मग महिना. आपली तापी श्रावण-भादव्यात फुगते. तिथली रिओ नेग्रो जूनच्या सुमारास भरते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरते. फरक 10 मीटरच्या वर, म्हणजे तीन मजली घराएवढा. रुंद वाळू हवी तर सप्टेंबरात जा. पण नदी फारच उतरली की धोका वाढतो. 2012 मध्ये तिथे वाळूची भर घालून किनारा वाढवलाय आणि ती भर संपते तिथे पाणी एकदम खोल होतं. 2023 च्या दुष्काळात म्हणूनच तिथे पोहणं बंद केलं होतं.

पाणी ओंजळीत घेतलं तर कोऱ्या चहासारखं. जंगलातला पालापाचोळा कुजून त्याचा रंग पाण्यात उतरतो. ते आंबट असल्याने डासही कमी. पण कमरेएवढ्या पाण्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत भो! मी चौथीत असताना शेजारचा मुलगा तापीतल्या खड्ड्यात गेला, त्यालाही तळ दिसला नव्हता. म्हणून कळकळीने सांगतो: दोरी आणि तरंगत्या खुणांच्या आतच राहा, जीवरक्षक असेल तेव्हाच उतरा, आणि पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या. त्या नद्यांत वाळूत दडून बसणारा चपटा काटेरी मासा असतो, अर्राइया. चाहूल लागली की तो सरकतो, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.

पाच वाजता बाहेर या. सहाच्या सुमारास सूर्य थेट पाण्यात उतरतो आणि अंधार झटकन पडतो.

शाकाहाऱ्यांनी तापिओका मागावा. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाच्या पिठाची ती गरम पोळी. आत चीज किंवा ओलं खोबरं घालून देतात. एकादशीला आमच्या हिने खोबऱ्याचा खाल्ला, शेजारी तळलेली केळी घेऊन.