ड्यूटीवरचा चाकू : नव्या शिपायांनो, या चुका टाळा

ठाण्यात नवी पोरं हजर झाली की दुसऱ्या पगाराच्या आतच एखाद-दुसऱ्याच्या पट्ट्याला काळा, जाडजूड चाकू लटकलेला दिसतो. मोबाइलवरून मागवलेला. पातं दुधारी, टोक सुईसारखं, मुठीवर कवटी नाही तर विंचू. विचारलं की उत्तर ठरलेलं, "राहू द्या ना जमादार साहेब, कामी येते."

शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. ३३ वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या ठाण्यांत आणि दूरक्षेत्रांत, म्हणजे ठाण्याखालच्या चौक्यांत गेली. चाकू जवळपास रोज कामी आला, पण कुणावर उगारायला एकदाही नाही. दोर, सुतळी, बारदाना, सीटबेल्ट, जाळी, नायलॉनची दावणी हेच कापलं. जनावरांनी कोंबलेली गाडी पकडली की आवळून बांधलेल्या दोऱ्या तोडायलाच अर्धा तास जातो. तो चाकू मला सरकारी सामानात कधी मिळाला नाही, खिशातले पैसे घालून घेतला. निवड माझी होती, म्हणून जबाबदारीही माझीच होती.

अवजार सोडून हत्यार घेणं

मला सगळ्यात जास्त राग येतो तो या चुकीचा.

पावसाळ्यातली रात्र, अडीचचा सुमार. वणीच्या रस्त्याला एक जीप नाल्यात उलटली होती. चालक बेल्टला उलटा लटकलेला, शुद्धीवर, ओरडत होता. माझ्यासोबत आठ महिन्यांची नोकरी झालेला शिपाई. पोरगं धाडसी, मी पोहोचेपर्यंत काचेतून अर्धं आत शिरलं होतं. त्याने खटका दाबून चाकू उघडला आणि पातं चालकाच्या छातीवरच्या बेल्टखाली घातलं. तेवढ्यात त्या माणसाने अंग झटकलं. टोक सरळ खांद्याच्या खळग्यात गेलं. पोरगं घाबरून हात मागे घ्यायला गेलं तर पात्याची दुसरी धार त्याच्याच अंगठ्यावर आली. दुधारी पात्याला बोट टेकवायला पाठ नसते. मग मी माझा बोथट टोकाचा चाकू घेतला, पात्याची पाठ चालकाच्या अंगाकडे ठेवली आणि धार बाहेरच्या बाजूला ओढत बेल्ट कापला. दोन झटक्यांत सुटला.

चालकाला चार टाके पडले, पोराला तीन. पण खरं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. नातेवाईक ठाण्यात आले, "पोलिसाने आमच्या माणसाले चाकू मारला" म्हणाले. चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्याने तो चाकू टेबलावर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "हा कशासाठी घेतला होता?" पोराने सांगितलं, दोर कापायला. टेबलावर पडलेली ती वस्तू मात्र काही वेगळंच सांगत होती. चालकाने स्वतः खरं सांगितलं म्हणून पोरगं सुटलं, पण त्या पाच महिन्यांत ते वाळून गेलं. त्याच्या आईला मी दोनदा ठाण्याबाहेरच्या कडुनिंबाखाली बसलेलं पाहिलं आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत मारण्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू त्यात येत नाही. म्हणजे वस्तू कशासाठी घडवली, हे पाहिलं जातं. दुधारी, टोकदार, खटक्याचा चाकू दोरासाठी घडवलेला आहे हे कुणाला पटवून द्याल? चाकू घेताना मी मनातल्या मनात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. "कशासाठी?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर तो घेत नाही.

"मी पोलीस आहे, मला कोण विचारणार?"

कायदा विचारतो. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये लोकसेवकाला सूट आहे, पण ती "कर्तव्य बजावताना" बाळगलेल्या शस्त्राला. रजेवर मेहुण्याच्या लग्नाला गेलात, वरातीत नाचताना कमरेला तोच चाकू आहे, तर ती सूट तिथे कशी लागू होईल? साप्ताहिक सुट्टीला बाजारात जातानाही तेच. माझा चाकू ड्यूटी संपली की ठाण्यातल्या माझ्या पेटीत जायचा, घरी कधी आला नाही. बायको म्हणायची, एवढा चांगला चाकू आहे, सीताफळं कापायला तरी आणा. नाही आणला.

माप न घेता पंचनामा लिहिणं

ही दुसरी चूक माझ्या हातून झाली आहे, त्यामुळे तिच्यावर बोलायचा मला हक्क आहे.

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले चाकू येतात. १९६२ च्या नियमांत हे माप होतं, २०१६ च्या नियमांतही तेच आहे. आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं पातं त्यातून वगळलं आहे. इथे माप पात्याचं आहे. मुठीचं नाही.

नोकरीच्या सहाव्या वर्षी आठवडी बाजारात एकाला पकडलं. माणूस नामचीन होता, दोन मारहाणीचे गुन्हे आधीचे. पानठेल्यावर उभ्या उभ्या मी पंचनाम्यात लिहिलं, "अंदाजे १२ इंच लांबीचा लोखंडी धारदार चाकू." ४/२५ चा, म्हणजे शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ चा गुन्हा दाखल झाला, जमादारांनी पाठ थोपटली. अडीच वर्षांनी साक्ष लागली. बचावाच्या वकिलाने शांतपणे विचारलं, पातं किती, मूठ किती? मला सांगता आलं नाही. मुद्देमाल उघडला. लाखेचं सील फुटलं, आतून तांबूस गंजाची भुकटी टेबलावर सांडली. न्यायालयातल्या पट्टीने मोजलं तर पातं ७ इंच आणि मूठ ५. रुंदी सव्वा इंच. पंच म्हणाला, मी सही केली तेव्हा मोजलं नव्हतं. आरोपी माझ्या समोरून निघून गेला आणि पुढच्या बाजारी त्याच पानठेल्यावर उभा होता, माझ्याकडे बघत.

त्या दिवसापासून माझ्या खिशात शिंप्याची मापाची पट्टी असायची. मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत पातं, सगळ्यात रुंद जागी रुंदी, मूठ वेगळी, एकूण लांबी वेगळी, एक धार की दोन, मूठ कशाची, खूण कुठली. आणि मागच्या कोऱ्या कागदावर चाकू ठेवून पेन्सिलने त्याची कड काढून घ्यायची. "अंदाजे" हा शब्द मी नंतर कधी लिहिला नाही.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. पोरं काय करतात, सगळं आटोपल्यावर मोबाइल सुरू करतात आणि चाकू पुन्हा त्याच्या खिशात घालून काढायला लावतात. असलं नाटक कधीच करू नका. झडती घ्यायच्या आधीच मुद्रण सुरू करा, आणि पट्टी पात्याला लावलेली त्यात दिसू द्या.

कागदांचंही बघा. शस्त्र अधिनियमाचं कलम ४ केंद्र सरकारच्या अधिसूचनेवर उभं आहे, ती दोषारोपपत्रासोबत हवी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५ लावलं असेल तर ३७ (१) चा शस्त्रबंदीचा आदेश त्या तारखेला, त्या हद्दीत लागू होता आणि तो लोकांना जाहीर केला होता, हे दाखवावं लागतं. ३७ (१) मध्ये चाकूसोबत काठी-लाठीही येते आणि तिथे ९ इंचांचा प्रश्न नाही, म्हणून आदेशाची प्रत आणखी महत्त्वाची. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ ची जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी कलम ३ च्या, म्हणजे बंदुकीच्या गुन्ह्याला लागते. चाकूच्या फायलीत तिची वाट बघत महिने घालवणारे तपासी अंमलदार मी पाहिले आहेत.

शेतकऱ्याचा विळा पकडणं

कारवाईचा आकडा भरायचा असतो, आणि बंदोबस्ताच्या दिवशी सायकलवरून येणारा म्हातारा सोपा सापडतो. "इळा हाय जी साहेब, चारा कापाले गेलो होतो," तो सांगतो. कॅरिअरला ओल्या गवताचा भारा, हाताला हिरवा चीक. तरी पोरगं त्याला गाडीत बसवतं. विळा, खुरपं, कुऱ्हाड, घरातली पावशी ही शेतीची आणि घरची अवजारं आहेत. रात्री अकराला बारसमोर कुऱ्हाड घेऊन उभा असलेल्याची गोष्ट वेगळी, पण वेळ, जागा आणि वागणं तिघांची नोंद घेतल्याशिवाय ती वेगळी ठरत नाही. आकड्यासाठी गरिबाला कोर्टाच्या चकरा लावणं मला आयुष्यभर लागत आलं आहे.

बाकीच्या, थोडक्यात

जप्त केलेल्या चाकूनेच सील करायची सुतळी कापणं. हे होतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या पात्यावरचं रक्त हाच तर पुरावा.

रक्ताचा उघडा चाकू मिटणं, पुसणं, ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत घालणं. सापडला तसा ठेवा, सावलीत वाळू द्या, पुठ्ठ्याला बांधा, कागदात आणि खोक्यात घाला. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

आरोपी पार्टीला, म्हणजे आरोपीला ने-आण करायला जाताना चाकूची क्लिप खिशाबाहेर दिसू देणं. बेडी घातलेला हातही तिथपर्यंत पोहोचतो.

बोथट चाकू बाळगणं. धार नसली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात निसटतो.

गाठ कापणं

गळफास घेतलेल्याला खाली उतरवणं, आपल्या भागात हे काम कुणालाच चुकत नाही, आणि घाईत सगळ्यात जास्त बिघडतं तेही हेच. जीव असण्याची थोडीही शक्यता असेल तर कशाचाही विचार न करता एकाने अंग खालून उचलून धरायचं, दुसऱ्याने दोर कापायचा, मानेवरचा ताण लगेच मोकळा करायचा आणि दवाखाना गाठायचा. तिथे पुरावा नंतर.

पण मर्ग असेल, म्हणजे माणूस गेलेलाच असेल, तेव्हा गाठीला हात लावायचा नाही. गाठीपासून लांब, मधल्या दोरावर कापायचं आणि कापलेली दोन्ही टोकं वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधून ठेवायची, म्हणजे आपण कुठे कापलं ते शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना कळतं. गाठ कशी होती यावर पुढे पुष्कळ अवलंबून असतं. एका घरी आमच्यातल्या एकाने गाठच कापली होती. त्या मुलीच्या बापाला तिचं काय झालं याची शंका शेवटपर्यंत राहिली, आणि आमच्याकडे द्यायला उत्तर नव्हतं. माझ्या चाकूच्या म्यानात लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडी कायम असायची.

मग घ्यायचा कोणता?

३ इंचांचं पातं पुरतं. एक धार, बोथट टोक, मुठीजवळचा अर्धा भाग करवती, कारण नायलॉन सरळ धारेवरून घसरतं. मिटणारा असेल तर पातं उघडल्यावर पक्कं अडकलं पाहिजे. दुकानात उघडून पात्याची पाठ लाकडावर दोनदा आपटून बघा, मिटला तर परत द्या. एका हाताने आणि ओल्या बोटांनी उघडता येतो का तेही बघा. पातं स्टेनलेस घ्या, साधं पोलाद घामाने आणि पावसाने आठवड्यात डाग धरतं. मूठ भडक नारिंगी किंवा पिवळी असली तर अंधारात चिखलात पडलेली सापडते. पोरांना हा रंग आवडत नाही. मी मुद्दाम तोच सांगतो.

दर सोमवारी, आठवड्याची डायरी लिहून झाली की मी बारीक दगडावर पाणी टाकून दहा-दहा हात फिरवायचो आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. फिरत्या शानवाल्याकडे देऊ नका, त्याच्या ठिणग्यांत पातळ पात्याचं पाणी उतरतं. न्यायालयात, कारागृहात आणि लॉकअपच्या दारात शिरताना चाकू आधी बाहेर जमा करायचा, स्टेशन डायरी अंमलदाराकडे द्यायचा, आणि परत घेताना उघडून पातं बघूनच खिशात टाकायचा.